परेड स्टेटमधला एक गैरहजर

हे प्रकरण २०२१ च्या पावसाळ्यातलं, पुरात अडकून रजेवरून उशिरा परतलेला एक जवान आणि त्याच्या कंपनीचा हवालदार यांच्यातलं. पलटण, गाव आणि माणसं ओळखू येतील असं काही ठेवलेलं नाही. एक-दोन तपशील मुद्दाम फिरवले आहेत. मी सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो आणि आमच्या पट्ट्यातल्या फौजी घरांची कागदपत्रं, पेन्शनची लफडी यांत जमेल तशी मदत करतो. जवानाचं म्हणणं त्याच्या तोंडून ऐकलं, हवालदाराचं हवालदाराकडून फोनवर, आणि मधलं बरंचसं त्या कंपनीच्या सीनियर जेसीओ (जवान आणि अधिकारी यांच्या मधले, सुभेदारासारखे हुद्देदार) साहेबांकडून, जे माझ्या जुन्या ओळखीचे निघाले. मी यात नुसता ऐकणारा नव्हतो. एक चूक माझीही आहे, ती तिच्या जागी येईल.

पार्श्वभूमी

जवान चोवीस वर्षांचा, नोकरी पाच वर्षांची. वाशिष्ठी दाभोळच्या खाडीकडे वळते त्या पट्ट्यात घर, बापाची होडी, थोडं भात. फौजेत जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि ३० दिवस किरकोळ रजा. कोकणातला पोरगा त्यातला मोठा तुकडा गणपतीसाठी झाकून ठेवतो. हा जुलैत लावणीपुरता पंधरा दिवस आला होता. २२ जुलैच्या रात्री चिपळूणहून गाडी, २५ ला सकाळी पलटणीत हजेरी, असा बेत.

२२ जुलै म्हणजे गुरुवार, चिपळूणच्या पुराचा दिवस. दोन दिवसांवर गुरुपौर्णिमा, खाडीला उधाण. वरून पाऊस आणि खालून भरती, पाण्याला जायला वाटच नाही. बाजारपेठ, चिंचनाका, एसटी स्टँड सगळं बुडालं. आगाराची रोकड घेऊन आगारप्रमुख आणि त्यांचे सहकारी एसटीच्या टपावर तासन् तास बसून राहिले, ती बातमी पुष्कळांनी वाचली असेल. कोकण रेल्वे ठप्प, परशुराम घाटात दरड, महामार्गावरचा वाशिष्ठीचा पूल वाहतुकीला बंद. वीज गेली, पाठोपाठ मोबाइलचे टॉवर गेले.

जवानाच्या घरात छातीभर पाणी. त्याची काळी ट्रंक तरंगत पडवीपर्यंत आली होती. ओळखपत्र वाचलं, कारण आईनं ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर टाकलं होतं. रजेचा कागद मात्र पँटच्या खिशात राहिला. मी तो पाहिलाय: चार घड्यांचा लगदा, शिक्क्याची शाई निळी पसरलेली, तारखेतला फक्त ‘२’ वाचता येत होता. फोन भिजला. कुणीतरी सांगितलं तांदळात ठेव, तर तांदूळही भिजलेले.

पहिले सहा दिवस

पहिले दोन दिवस बाप-लेक होडीवर होते. पेठमापकडून, गोवळकोटकडून जिथून हाक आली तिथून माणसं काढली. किती, ते तो सांगत नाही आणि मीही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी लोक सुरक्षित होते, पण घरात ढोपरभर चिखल.

याच दिवसांत आर्मीच्या तुकड्या चिपळूणला पोचल्या. पुण्याहून आलेल्या, ‘ऑपरेशन वर्षा २१’ म्हणून. आता पुढचं त्यानं मला दोन महिन्यांनी सांगितलं, तेही नजर चुकवत. एका तुकडीतल्या नायब सुभेदार साहेबांना त्यानं स्वतः गल्ली दाखवली होती. होडी कुठपर्यंत जाईल, कुठं विजेची तार लोंबतेय, सगळं सांगितलं. साहेबांनी पाठ थोपटली. पण आपण जवान आहोत, रजेवर आहोत, परवा हजर व्हायचं होतं, हे तो बोललाच नाही. का? “अंगात हाफ पँट आणि बनियन होतं, साहेब. दाढी वाढलेली. तसल्या अवतारात साहेबापुढं सावधान कसा उभा राहू?”

शिस्त अंगात इतकी मुरली की ती आडवी आली, असं हे उदाहरण. त्यानं तोंड उघडून आर्मी नंबर सांगितला असता, तर साहेबांनी आपल्या अधिकाऱ्याला सांगितलं असतं, अधिकाऱ्यानं निरोप वायरलेसवर पुढं ढकलला असता आणि हे प्रकरण तिथंच मिटलं असतं. माझ्या मते निर्णयाची पहिली खरी जागा हीच. आधीचे दोन दिवस कुणाच्या हातात नव्हते.

दुसरी जागा २६ जुलैची. गावावरच्या सड्यावर चढलं की एका कातळापाशी रेंजची एक कांडी येत होती. बापाचा फोन घेऊन तो वर गेला आणि त्यानं फोन केला कुणाला? कंपनी ऑफिसला नाही, प्लाटून कमांडरला नाही. आपल्या बॅरेकमधल्या मित्राला. “साहेबांना सांग, पूर आलाय, गाडी नाही.” मित्रानं लंगरच्या, म्हणजे जेवणाच्या, रांगेत हवालदाराला सांगितलं. हवालदारानं म्हटलं, “त्याला सांग, मला फोन कर.” तोवर कातळावरची रेंज गेली होती.

तिसरी जागा माझ्या ओटीवरची. २७ ला बाप चिखलातून चालत माझ्याकडे आला. “सुबेदारानू, पोराचा आता काय?” मी फौजेत अठ्ठावीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे डोक्यात पहिला आला तो कागद. म्हटलं, “तहसीलदारांचा दाखला घ्या, पुराचा. दाखल्याशिवाय पाठवू नका, तिकडे कुणी ऐकणार नाही.” सरकारी कार्यालयांनाच तेव्हा चिखल उपसायचा होता. दाखल्यात तीन दिवस गेले. आधी कळवायचं, मग निघायचं आणि कागद मागून पाठवायचा, हा क्रम मी उलटा सांगितला. पोलीस ठाण्यात वर्दी देता आली असती, रत्नागिरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला निरोप देता आला असता, पलटणीला तार नाही तरी ई-मेल करता आला असता. हे सगळं मला ठाऊक होतं. त्या दिवशी सुचलं नाही.

२ ऑगस्टला तो पलटणीच्या गेटवर पोचला. आठ दिवस उशीर.

तिकडची बाजू

तो हवालदार, म्हणजे कंपनी हवालदार मेजर (पोरं त्याला नुसतं ‘मेजर’ म्हणतात), घाटावरचा. रोज सकाळी परेड स्टेट बनवायची: कंपनीत किती, ड्युटीवर किती, रजेवर किती, आजारी किती, गैरहजर किती. बेरीज जुळली पाहिजे. २५ ला एक माणूस कमी. त्यानं दोन दिवस तो ‘प्रवासात’ म्हणून दाखवला. टीव्हीवर पुराच्या बातम्या त्यानंही पाहिल्या होत्या, पोरगा येईल असं वाटलं. म्हणजे आधी त्यानं स्वतःची मान अडकवून पोराला वाचवलं होतं. हे पोराला माहीत नव्हतं, मलाही फार उशिरा कळलं.

२८ ला व्हिडिओ आला. चिपळूणमधल्या कुणीतरी काढून फेसबुकवर टाकलेला, तिथून व्हॉट्सॲपवर फिरत फिरत कंपनीतल्या पोरांच्या फोनवर. होडीत उभा राहून पोरगा वल्हं मारतोय, अंगात फौजी टी-शर्ट, कॅमेऱ्याकडे बघून हसतोय, अंगठा दाखवतोय. अकरा सेकंद. २०२० च्या जुलैत आर्मीनं ८९ ॲप काढून टाकायचा हुकूम दिला होता, त्यात फेसबुकही होतं. व्हिडिओ पोरानं टाकलेला नव्हता, पण बघणाऱ्याला ते कसं कळावं? कंपनी कमांडरनी हवालदाराला बोलावून विचारलं, “हा प्रवासात आहे ना?”

तिथून पुढचा राग समजू शकतो. वरिष्ठासमोर खोटा पडलेला माणूस आणि घर धुऊन गेलेला माणूस, दोघंही आपापल्या जागी दुखावलेले. कोरोनाचे दिवस, रजेवरून आलेल्याला आधी विलगीकरणात ठेवत. ज्या दिवसांत दोघांनी समोरासमोर बसून दहा मिनिटं बोलायला हवं होतं, त्या दिवसांत एक जण बंद खोलीत आणि दुसरा बाहेर. राग दोन्हीकडे मुरत गेला.

संध्याकाळचा रोल कॉल

विलगीकरण संपल्यावरचा पहिलाच रोल कॉल. कंपनी फॉलीन, म्हणजे रांगेत उभी. हवालदारानं नाव पुकारलं, पुढं बोलावलं आणि सगळ्यांदेखत सुरू केलं. कामचुकार, हिरो, “मासे मारायला गेला होतास काय रे कोकण्या”, इथवर पोरगा सावधान उभा होता. मग आईवरची शिवी आली.

माळ्यावर ओळखपत्र टाकणारी आई.

पोरानं डोक्यावरची टोपी काढली आणि जमिनीवर आपटली. म्हणाला, “मेजर, आईवर जायचं नाही. माणसं बुडत होती तेव्हा तुम्ही कुठं होता?” आणि एक पाऊल पुढं टाकलं. हात उचलला नाही. हे शंभर माणसांनी पाहिलं, म्हणून त्यावर वाद नाही. दोन नायकांनी त्याला मागं ओढलं. (नायक म्हणजे हुद्दा. आमच्याकडे नाईक आडनावाची निम्मी गावं आहेत, म्हणून सांगितलं.)

रात्री हवालदारानं लेखी तक्रार दिली.

कायदा काय म्हणतो

१९५० च्या आर्मी ॲक्टात कलम ३९ गैरहजेरीचं. रजा संपूनही न परतणं हा त्यात गुन्हा आहे, पण त्याआधी ‘पुरेशा कारणाशिवाय’ असे शब्द आहेत. पूर हे पुरेसं कारण, यावर पलटणीत कुणाचं दुमत नव्हतं. किती दिवसांसाठी पुरेसं, एवढाच प्रश्न. जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षं कैद. तीस दिवसांवर गेलं की कलम १०६ खाली चौकशी बसते. तिथवर हे गेलंच नाही.

वरिष्ठाशी उर्मट भाषा वापरणं कलम ४० मध्ये येतं, आणि या कायद्यात हवालदारही वरिष्ठ धरला जातो. म्हणजे टोपी आणि ते वाक्य हे उशिरापेक्षा जड.

पण त्याच पुस्तकात कलम ४७ आहे. कनिष्ठावर बळ वापरणं किंवा त्याला वाईट वागवणं हा अधिकारी, जेसीओ आणि एनसीओ (नायक, हवालदार) या सगळ्यांसाठी गुन्हा, सात वर्षांपर्यंत कैद. माझ्या नोकरीत ३९ आणि ४० हे आकडे मी रोज ऐकले. ४७ चा उल्लेख फार थोड्यांदा. रगडा देणं वेगळं, शिवी घालणं वेगळं, हे भरतीच्या पोराला आम्ही शिकवत नाही, आणि हवालदाराच्या कॅडरमध्येही (बढतीच्या कोर्समध्येही) पुरेसं शिकवत नाही. १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईत नौदलाच्या ‘तलवार’वरच्या नाविकांनी जे बंड केलं त्यामागं निकृष्ट जेवण होतं, तशी एका गोऱ्या कमांडरची शिवराळ जीभही होती. आपण तो इतिहास अभिमानानं सांगतो आणि संध्याकाळच्या रोल कॉलला विसरतो.

पर्याय

कंपनी कमांडर तरुण मेजर होते. सीनियर जेसीओ साहेबांच्या सांगण्यावरून त्यांच्यापुढं चार वाटा होत्या आणि चारींचे पुरस्कर्ते कंपनीत होते.

पहिली, सगळं एकत्र करून कमांडिंग ऑफिसरसमोर पेशी, म्हणजे सुनावणी, आणि कलम ८० खाली मोठी शिक्षा. जवानाला त्यात २८ दिवसांपर्यंत डिटेन्शन होऊ शकते. हवालदाराचा गट याच बाजूचा: टोपी आपटली ती माफ केली तर उद्या कोण ऐकेल? मुद्दा पोकळ नव्हता.

दुसरी, पूर होता, पोरानं माणसं वाचवली, सोडून द्या. ही पोरांची वाट. यात उशीर, न कळवणं आणि टोपी तिन्ही एकाच पुरात वाहून जातात.

तिसरी वाट जुन्या जेसीओंची, आणि खरं सांगतो, मी तिथं असतो तर मीही तीच धरली असती: दोघांना खोलीत घ्यायचं, दोघांनाही झापायचं, चहा पाजायचा, तक्रारीचा कागद फाडायचा. पलटणीत निम्मी प्रकरणं अशीच मिटतात आणि चांगली मिटतात. इथं अडचण ही की शिवी आणि टोपी दोन्ही शंभर माणसांसमोर पडली होती.

चौथी वाट मेजर साहेबांनी स्वतः काढली. एकाच्या गळ्यात दुसरं न अडकवता प्रत्येक गोष्ट वेगळी बघायची.

काय केलं

आधी उशीर. त्यांनी तारखांचा तक्ता केला. २२ ते २६ पोराच्या हातात काही नव्हतं. २६ ला रेंज मिळाली आणि फोन मित्राला गेला. तिथून ३० पर्यंत न कळवल्याचा दोष त्याचा. नंतरचे दिवस प्रवासाचे. आठही दिवस शिल्लक रजेत धरले, गैरहजेरी लावली नाही, पगार कापला नाही. थोडक्यात गणपतीचे आठ दिवस गेले. माझा तहसीलदारी दाखला फाइलला लागला, पण निर्णय त्याच्यावर झाला नाही. साहेबांनी थेट चिपळूणला गेलेल्या तुकडीत फोन लावून विचारलं. त्या नायब सुभेदार साहेबांना हाफ पँटवाला होडीवाला आठवत होता.

मग टोपी. पेशी झाली, आर्मी रूल्समधल्या नियम २२ प्रमाणे त्याच्यासमोर साक्षी झाल्या, त्याला उलट विचारायची मुभा दिली. त्यानं एकच प्रश्न विचारला, दोन साक्षीदारांना: “शिवी आधी की टोपी आधी?” दोघांनीही सांगितलं, शिवी आधी. तरी त्यानं टोपी आपटल्याचं नाकारलं नाही. सात दिवस लाइनबंदी (बॅरेकच्या आवाराबाहेर जायचं नाही) आणि जादा गार्ड. डिटेन्शन नाही.

तिसरी गोष्ट हवालदाराची. त्याला कमांडिंग ऑफिसरांनी बंद दाराआड बोलावलं, समज दिली, कागदावर काही घेतलं नाही. पंधरा दिवसांनी त्याची बदली त्याच पलटणीतल्या दुसऱ्या कंपनीत झाली. कारण ‘प्रशासकीय’.

पेशीच्या आदल्या रात्री पोराचा मला फोन आला होता. कलम २६ खाली जवानाला वरिष्ठाविरुद्ध गाऱ्हाणं मांडता येतं. कंपनीत असेल तर कंपनी कमांडरकडे. “अर्ज करू का, साहेब?” मी म्हटलं, तुझा हक्क आहे, कर, पण त्यात ‘जुलमी’, ‘अमानुष’ असले शब्द काढून टाक, काय म्हटलं, कधी म्हटलं, कोण होतं, एवढंच लिही. त्यानं लिहिला. दिला नाही. खिशात ठेवून पेशीला गेला आणि तसाच परत आला. द्यायला हवा होता, असं मला वाटतं. दिला असता तर हवालदाराची बाजूही तक्त्यावर आली असती: ते दोन दिवस ‘प्रवासात’ दाखवणं, तो व्हिडिओ, सगळंच.

परिणाम

पोरगा नोकरीत आहे, लान्स नाईक झाला, बॅचच्या इतरांपेक्षा वर्षभर उशिरा. ती शिक्षा आड आली का, कॅडरचा निकाल आड आला, यावर त्याचं आणि माझं मत वेगळं आहे.

हवालदार आणि तो दोन महिने एकमेकांशी बोलले नाहीत. मग एकदा लंगरमध्ये हवालदार त्याच्या समोर ताट घेऊन बसला आणि म्हणाला, “आई काय म्हणते? घर उभं राहिलं का?” पोरगा म्हणाला, “पत्रे टाकलेत, मेजर.” हवालदारानं आपल्या ताटातली एक पुरी उचलून त्याच्या ताटात ठेवली. माफीचा शब्द नाही. मला पोरानं हे सांगितलं तेव्हा तो पुरीबद्दलच जास्त बोलत होता.

मेजर साहेबांचा निर्णय एकंदरीत मला पटतो, एक भाग सोडून. टोपीची शिक्षा कंपनीला कळली, शिवीची समज बंद दाराआड राहिली. शंभर पोरांनी त्यातून काय घ्यायचं? हवालदाराची फजिती करा असं मी म्हणत नाही. एनसीओची इज्जत पोरांसमोर उतरवली की कंपनी चालत नाही, हे मी अठ्ठावीस वर्षं पाहिलंय. पण कंपनी कमांडर सैनिक संमेलनात उभे राहून कुणाचं नाव न घेता दोन वाक्यं बोलू शकले असते: टोपी का आपटायची नाही आणि आई का काढायची नाही. दोन्ही एका दमात. सीनियर जेसीओ साहेबांना मी हे म्हटलं. ते म्हणाले, “सुभेदार, तुम्ही पेन्शनवर आहात म्हणून बोलताय.” त्यातही तथ्य आहे.

आता काय वेगळं करतो

२०२२ पासून मे महिन्यात आम्ही आमच्या पट्ट्यातल्या नोकरीवर असलेल्या पोरांच्या घरी एक कागद देतो, प्लॅस्टिकमध्ये घालून. वर पोराचा आर्मी नंबर, पलटणीचा आणि कंपनी ऑफिसचा फोन, जवळच्या ठाण्याचा, रत्नागिरीच्या सैनिक कल्याण कार्यालयाचा. खाली तीन ओळी: अडकलास तर त्याच दिवशी कळव, मित्राला नाही, ऑफिसला, आर्मीचा कुणीही दिसला तर अंगात काय आहे ते न बघता नंबर सांग. रजेच्या कागदाचा फोटो बापाच्या, बहिणीच्या, शेजाऱ्याच्या अशा निदान दोन फोनवर. पलटणीचा नंबर भिंतीवर लावावा की नाही, यावर आमच्यातच वाद झाला, सुरक्षेचा मुद्दा काढला एकानं. शेवटी तो कागद देवघराच्या फळीमागं ठेवायचा ठरलं.

त्या पोराच्या घरात तो माळ्यावर ठेवलाय. अकरा घरांपैकी दोन घरं अजून नंबर द्यायला तयार नाहीत. त्यातल्या एका घरी या रविवारी पुन्हा जायचंय.